विलायतेंतील इवलेंसें खोरें

आपल्या सुशिक्षित घरांतून छंदांची एक अलिखित प्रतवारी ठरून गेलेली असते. टपालाचीं तिकिटें जमविणारा मुलगा त्या निमित्तानें भूगोल शिकतो, म्हणून त्याचें कौतुक होतें. जुनीं नाणीं गोळा करणाऱ्या गृहस्थास इतिहासाचा व्यासंगी म्हणून मान मिळतो. बागेचा नाद असलेल्याच्या घरीं निदान देवाला फुलें तरी मिळतात. परंतु पन्नाशी उलटलेला, नातवंडांत रमावयाच्या वयाचा एखादा गृहस्थ जमिनीवर पालथा पडून इवल्याशा आगगाड्या रुळांवरून फिरवीत असलेला दृष्टीस पडला, कीं शेजारीपाजारी एकमेकांकडे पाहून हंसतात. "पोरखेळ" या एका शब्दांत त्याच्या चाळीस वर्षांच्या खटाटोपाची वासलात लागते.

या पोरखेळाच्या वाटेला आम्ही स्वतः लहानपणापासूनच लागलेले आहों. तेव्हां त्याची वकिली आमच्या तोंडीं शोभणार नाहीं, हें आम्ही जाणतों. म्हणून युक्तिवाद करीत न बसतां वाचकांस आम्ही एका स्थळाच्या यात्रेस घेऊन जातों. हें स्थळ इंग्लंडांत ऑक्सफर्डपासून फारसें दूर नाहीं. त्याचें नांव पेंडन. या नांवाचा गांव नकाशावर शोधीत बसण्यांत अर्थ नाहीं, कारण तो जमिनीवर वसलेलाच नाहीं. तो एका इमारतींत, मेजाच्या उंचीवर वसलेला आहे.

लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनांतून पश्चिमेकडे जाणारी गाडी धरली, कीं तासाभराच्या आंत डिडकॉट येतें. हा लोहमार्ग इझंबार्ड किंग्डम ब्रूनेल या विख्यात स्थापत्यविशारदानें आंखला. लंडन ते ब्रिस्टल हा सबंध मार्ग १८४१ सालीं खुला झाला. इतर कंपन्यांचे रूळ ४ फूट साडेआठ इंच अंतरावर असतां या गृहस्थानें आपले रूळ ७ फुटांहूनही किंचित् अधिक रुंद ठेविले होते. गाड्या वेगानें आणि संथपणें धांवत, हें खरें. पण जेथें दोन मापांची गांठ पडे तेथें सारा माल एका गाडींतून उतरवून दुसऱ्या गाडींत चढवावा लागे. अखेरीस १८९२ सालीं तें रुंद माप कायमचें सोडून द्यावें लागलें. तरीही ग्रेट वेस्टर्न कंपनीचा डौल कमी झाला नाहीं. तिचीं हिरवीं इंजिनें, त्यांच्या धुराड्यांवरील तांब्याच्या लखलखीत कडा, आणि तिचे चॉकलेट व साय यांच्या रंगांचे डबे हे इंग्रज मुलांच्या कित्येक पिढ्यांचे जिवाभावाचे सोबती होते. १ जानेवारी १९४८ रोजीं सर्व रेल्वे सरकारच्या ताब्यांत गेल्या आणि ती कंपनी इतिहासजमा झाली.

डिडकॉटच्या पुढें हा मार्ग एका रुंद, सखल खोऱ्यांतून स्विंडनकडे जातो. त्या खोऱ्यास शुभ्र अश्वाचें खोरें असें म्हणतात. दक्षिणेकडील खडूच्या टेकड्यांपैकीं एकीवर, अफिंग्टन गांवाजवळ, सुमारें तीन हजार वर्षांपूर्वीं कोणीं तरी माती खणून, खडू ठोकून एक प्रचंड घोडा रेखाटून ठेविला आहे. त्याची लांबी ११० मीटर, म्हणजे सुमारें २४० हात भरते. या घोड्याची गंमत अशी, कीं त्याची वरचेवर निगा राखली नाहीं तर गवत त्याला गिळून टाकतें. आज तो दिसतो आहे याचाच अर्थ असा, कीं तीन हजार वर्षें कोणी ना कोणी तेथें जाऊन गवत खरवडीत आणि पांढरा खडू भरीत आलें आहे. वाचकांनीं हा घोडा ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

आम्हांस मात्र खोऱ्याच्या पूर्वेकडच्या टोंकाशीं, डिडकॉटासच उतरावयाचें होतें. तेथून तीनएक मैलांवर थेम्स नदीच्या कांठीं लाँग विटनहॅम हें खेडें आहे. एके काळीं या भागांत मैलोगणती कोठूनही दृष्टीस पडणारे विजेच्या कारखान्याचे सहा अवाढव्य मनोरे होते. ते २०१४ व २०१९ सालीं दोन खेपांनीं पाडून टाकले. आतां क्षितिजावर राहिल्या आहेत त्या माथ्यावर झाडांचे झुबके असलेल्या विटनहॅमच्या दोन टेकड्या. खेड्यांत गवतानें शाकारलेलीं कांहीं घरें अद्यापि उभीं आहेत; देवळांत शिशाचें जुनें स्नानपात्र आहे; आणि रस्त्याच्या कडेला एक साधीशी इमारत आहे. बाहेरून पाहणारास ती एखाद्या शाळेची वाटावी. याच इमारतींत पेंडन वसलें आहे.

आंत पाऊल टाकण्यापूर्वीं या छंदाचा थोडासा पूर्वेतिहास सांगणें इष्ट होईल. खेळण्यांतली आगगाडी बरीच जुनी आहे. पण तिला शिस्त लागली ती १८९१ सालीं. त्या वर्षीं जर्मनींतील गोप्पिंगेन येथील मेर्कलिन कारखान्यानें लायप्झिगच्या जत्रेंत चावीवर धांवणारी गाडी आणि इंग्रजी आठाच्या आंकड्यासारखे वळणारे रूळ मांडले, व रुळांच्या रुंदीचीं ठराविक मापें घालून दिलीं. मापें ठरल्यामुळें यंदाच्या वाढदिवसास एक डबा, पुढील वर्षीं एक सिग्नल, अशी भर घालतां येऊं लागली. खेळणें मोडून संपण्याऐवजीं वाढूं लागलें. इंग्लंडांत लिव्हरपूलचे फ्रँक हॉर्नबी यांनीं १९०१ सालीं मेकॅनोचें पेटंट घेतलें, १९२० सालीं आगगाड्या बाजारांत आणल्या, आणि १९३८ सालीं मेजावर मावतील अशा लहान मापाच्या डब्लो गाड्या काढल्या. मेकॅनोची पेटी आपल्याकडीलही कित्येक घरांतून आजोबांच्या पिढीपासून माळ्यावर पडलेली आढळेल.

मात्र खेळणें आणि प्रतिकृति यांत एक मोठा भेद आहे आणि तो आपल्याकडील उदाहरणानें चटकन् समजेल. दिवाळींत आपलीं मुलें अंगणांत मातीचा किल्ला करतात. त्यावर अळीव पेरून हिरवळ उगवितात, तळ्यासाठीं आरशाचा तुकडा बसवितात, आणि बुरुजाबुरुजावर मावळे उभे करतात. परंतु त्यांतला मावळा दरवाजाहून उंच असतो, आणि पायथ्याच्या शेतांतला बैल सबंध बालेकिल्ल्याएवढा! मुलांस त्याची क्षिति नसते, आणि नसावीही. प्रतिकृति करणारा मात्र येथेंच अडून बसतो. त्याला एकच प्रमाण सर्वत्र पाळावयाचें असतें. पेंडन येथें हें प्रमाण फुटास चार मिलिमीटर असें आहे; म्हणजे प्रत्येक वस्तु मुळाच्या सुमारें ७६ वा भाग. साडेपांच फुटांचा माणूस २२ मिलिमीटर, सहा फुटांचें दार २४ मिलिमीटर, आणि नऊ इंच लांबीची वीट अवघी तीन मिलिमीटर!

बाजारांतल्या गाड्यांत या बाबतींत एक मजेदार खोट आहे. युरोपांत फुटास साडेतीन मिलिमीटर हें प्रमाण धरून रुळांची रुंदी साडेसोळा मिलिमीटर ठरविलेली होती. परंतु इंग्लिश इंजिनें अंगानें लहान असल्यामुळें त्या प्रमाणांत त्यांच्या पोटांत विजेची मोटार मावेना. तेव्हां कारखानदारांनीं तोड काढली, कीं इंजिन चार मिलिमीटरच्या प्रमाणानें मोठें करावें आणि रूळ मात्र होते तेच ठेवावे. हिशेब करून पाहिल्यास ही रुंदी ४ फूट साडेआठ इंचांच्या ऐवजीं अवघी ४ फूट दीड इंच भरते. सामान्य गिऱ्हाइकास हें कळतही नाहीं. पण कांहीं हट्टी मंडळींस हें अंतर पायांत रुतलेल्या कांट्यासारखें सलत राहिलें आणि त्यांनीं रूळ व चाकें आपल्या हातांनीं रुंद करून घेतलीं. पेंडनचे रूळ या हट्टी परंपरेंतले आहेत.

आतां ज्यानें हें सर्व आरंभिलें त्याच्याविषयीं. त्याचें आडनांवच इंग्लंड, आणि जन्मानें मात्र तो ऑस्ट्रेलियन! रॉय इंग्लंड हा तरुण विशीही न गाठलेला असतां १९२५ सालीं इंग्लंडांत आला. ग्रेट वेस्टर्नच्या गाड्यांचें त्यास वेड होतें आणि त्या वेडानें तो शुभ्र अश्वाच्या खोऱ्यांत येऊन राहिला. तेथें त्यानें पाहिलें तें त्याच्या कल्पनेंतही नव्हतें. खडूच्या दगडांच्या आणि विटांच्या भिंती, त्यांवर गोधडीसारखीं पांघरलेलीं गवताचीं जाड छपरें, दारापुढें फुलांची आणि भाजीपाल्याची सरमिसळ बाग. आणि अशा खेड्यांच्या मधून वाफ सोडीत जाणारी हिरवी आगगाडी. जन्मापासून तेथेंच राहणाऱ्या लोकांस यांत कांहींच विशेष वाटत नव्हतें. परक्या मुलुखांतून आलेल्या या तरुणास मात्र तें सारें डोळ्यांत सांठवूं कीं काय असें झालें.

आणि लगोलग त्यास हेंही दिसूं लागलें, कीं हें सारें जात आहे. गवताचें छप्पर दर कांहीं वर्षांनीं शाकारावें लागे. त्याला कारागीर मिळेना, खर्च परवडेना. मग गवत काढून पन्हळी पत्रे येत. कोठें जुनें घर पाडून रस्ता रुंद होई. कोणी दुष्टपणानें करीत होतें असें नाहीं. जो तो आपल्या सोयीचें पाहत होता. या परदेशी तरुणाजवळ ना पैसा होता, ना अधिकार. तो एकही छप्पर वांचवूं शकत नव्हता. त्याला एकच गोष्ट करतां येण्याजोगी होती. जें मोठ्या आकारांत वांचत नाहीं तें लहान आकारांत वांचवावें, असें त्यानें ठरविलें. आणि या निश्चयावर त्यानें आपलें सारें आयुष्य वेंचलें.

येथेंच आम्हांस पोरखेळ हा शब्द अपुरा वाटूं लागतो. कारण रॉय इंग्लंड यांनीं कल्पनेंतलें सुंदर खेडें उभें केलें नाहीं. ते दारोदार हिंडले. घरमालकाची परवानगी घेऊन भिंतींचीं मापें घेतलीं. विटांचे थर मोजले. कोणती वीट तांबडी, कोणती काळपट, कोठें चुना पडला आहे, कोठें खिडकीची चौकट कलली आहे, याचीं टिपणें केलीं. ज्या घराची त्यांनीं प्रतिकृति केली तें घर अमुक गांवीं अमुक ठिकाणीं खरोखर उभें होतें. सुधारून, सजवून दाखविण्याचा मोह त्यांनीं आवरला. छपराला ठिगळ असेल तर प्रतिकृतींतही ठिगळ आहे.

एक घर कसें तयार होतें तें आमच्या वाचकभगिनींस विशेष आवडेल, कारण बारीक भरतकाम किंवा मण्यांचें तोरण करणाऱ्या हातांनाच त्याची खरी किंमत कळते. भिंती चित्रकारांच्या जाड, गुळगुळीत पुठ्ठ्याच्या. त्यावर विटांच्या सांध्यांच्या रेषा बोथट टोंकानें दाबून उठवावयाच्या आणि मग एकेक वीट जलरंगानें निरनिराळी रंगवावयाची. एका विटेचा रंग शेजारच्या विटेसारखा असतां कामा नये, कारण खऱ्या भिंतींत तसा तो नसतो. छपरासाठीं तागासारखे बारीक तंतु घेऊन त्यांच्या जुड्या खालून वर एकीवर एक चिकटवीत जावयाचें, अगदीं खरा शाकारणारा गवत रचतो त्याच क्रमानें. कांचेच्या तावदानांमागें पडदे. पडद्यांमागें, कोणास दिसो वा न दिसो, खोली. बागेंतील कोबीचा प्रत्येक गड्डा वेगळा. वेलीचें प्रत्येक पान वेगळें. अशा एका घरापायीं महिनेच काय, कधीं कधीं वर्षेंही जातात. आपल्याकडील भातुकलीच्या पितळी संसारांत बंबाला तोटी आणि जात्याला खुंटा असल्याशिवाय आजीचें समाधान होत नसे, त्याच जातीचें हें समाधान आहे.

१९५४ सालीं रॉय इंग्लंड यांनीं लाँग विटनहॅम येथें एका जुन्या पानगृहाची इमारत घेतली. तेथें पायीं व सायकलीनें हिंडणाऱ्या तरुणांसाठीं वसतिगृह चालवावें आणि उरल्या वेळांत आपलें खोरें वाढवावें, असा त्यांचा क्रम असे. एकट्यानें आयुष्यभर काम केलें असतें तरी पांचपंचवीस घरांपलीकडे मजल गेली नसती. परंतु हळूहळू त्यांच्याभोंवतीं माणसें जमूं लागलीं. कोणी शिक्षक, कोणी इंजिनियर, कोणी कारकून. दिवसा पोटाचा उद्योग आणि सुटीच्या दिवशीं पेंडनची सेवा, तीही बिनमोबदला. यांपैकींच गाय विल्यम्स हे एक गृहस्थ. (नांवावरून आमच्या वाचकांनीं भलताच समज करून घेऊं नये.) पेंडनच्या रुळांवर धांवणारीं पुष्कळशीं इंजिनें धातूचे पत्रे कापून, सांधून त्यांनीं स्वतःच्या हातांनीं घडविलीं.

आंत गेल्यावर प्रेक्षकांस तीन निरनिराळे देखावे पाहावयास मिळतात. पहिला आहे तो डार्टमूरच्या माळरानाच्या कडेचा. ब्रूनेलनें डेव्हन व कॉर्नवॉल या परगण्यांत दगडी खांबांवर लांकडी तुळयांचे उंच पूल बांधले होते. पुढें ते सर्व काढून त्यांच्या जागीं दगडी अथवा लोखंडी पूल आले. तसला एक लांकडी पूल येथें दरीवर पंख पसरल्यासारखा उभा आहे, आणि त्यावरून गाडी सावकाश जाते. प्रत्यक्षांत ज्या पुलावरून आतां कोणीही प्रवास करूं शकत नाहीं, त्यावरून ती गाडी जातांना पाहून आमचें मन क्षणभर चरकलें.

दुसरा देखावा आहे जॉन अहर्न या गृहस्थांच्या मॅडर व्हॅली रेल्वेचा. १९३० नंतरच्या दशकांत त्यांनीं आपल्या लंडनच्या घरीं हा मांड मांडला. तोंपर्यंत छांदिष्ट मंडळी रूळ आणि स्टेशनें यांपलीकडे पाहत नसत. अहर्न यांनीं रुळांभोंवतीं गांव, ओढा, बंदर, गल्लीबोळ उभे करून दाखवून दिलें, कीं आगगाडी ही मुलुखांतून जाते, मेजावरून नव्हे. त्यांच्या पश्चात् हा मांड पेंडननें सांभाळला आहे. एका छांदिष्टाचें आयुष्य दुसऱ्या छांदिष्टानें आपल्या छपराखालीं घ्यावें, हा प्रकार आम्हांस फार हृद्य वाटला. एरव्हीं अशा संग्रहांची गत काय होते, हें आपण जाणतोंच. धनी गेला, कीं वारसांस त्याची अडगळ होते. डबे एकीकडे, इंजिन दुसरीकडे, आणि रूळ मोडींत!

तिसरा आणि सर्वांत विस्तीर्ण देखावा म्हणजे शुभ्र अश्वाचें खोरें. त्यांतील गांवास पेंडन पार्व्हा असें कल्पित नांव दिलें आहे. घरें खरीं, पण निरनिराळ्या खेड्यांतून निवडून एका ठिकाणीं वसविलेलीं. काळ ठरलेला आहे: १९२० ते १९४० यांच्या दरम्यानचा. उतारावर शेतें आहेत, बांधावर झाडें आहेत, गल्लींत बायका उभ्या आहेत, आणि पलीकडून ग्रेट वेस्टर्नची गाडी येते. आरंभीं आम्ही सवयीनें गाडीकडेच पाहत होतों. घटकाभरानें लक्षांत आलें, कीं गाडी कधींच निघून गेली आहे आणि आम्ही एका परसांतील वाळत घातलेल्या कपड्यांकडे पाहत उभे आहों. आमच्या शेजारीं एक वृद्ध बाई दोन नातवांस घेऊन उभ्या होत्या. नातवांस गाडी पाहिजे होती. आजी मात्र त्यांना बोटानें एका घराची विहीर दाखवीत होत्या आणि पाणी कसें काढीत तें सांगत होत्या.

त्या विहिरीपाशींच आमच्या मनांत एक शंका उभी राहिली, आणि ती न लपवितां येथें मांडणें आमचें कर्तव्य आहे. हीं घरें बाहेरून देखणीं होतीं. पण त्यांत राहणाऱ्या शेतमजुरांस तीं खरोखर सुखाचीं होतीं काय? भिंतींस ओल, खोल्या अंधाऱ्या, नळ नाहीं, वीज नाहीं, मजुरी तुटपुंजी. ज्या बाईनें पन्हळी पत्रे आणवून घेतले तिच्या दृष्टीनें गळणारें छप्पर थांबलें, हीच मोठी गोष्ट होती. प्रतिकृतींत ओल दिसत नाहीं. बावीस मिलिमीटरच्या माणसाचा खोकला ऐकूं येत नाहीं. मग हें सारें दुरून डोंगर साजरे अशांतलेंच नव्हे काय?

ही शंका आम्हीं तेथील एका वयस्क स्वयंसेवकास विचारली. त्यांनीं दिलेलें उत्तर आम्हांस पटलें. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें, कीं जुनें परत आणावें यासाठीं हा उद्योग नाहीं. जुन्या घरांत पुन्हां राहावयास कोणी जाणार नाहीं, आणि जाऊंही नये. परंतु जें टाकलें तें काय होतें, हें तरी ठाऊक असावें. माप घेऊन ठेवलें तर पुढच्या माणसास निवाडा करतां येतो. नुसत्या आठवणीवर ठेवलें तर ती आठवण दरसाल गोड होत जाते. आम्हीं विचार केला तों दिसलें, कीं छपराचें ठिगळ आणि परसांतील विहीर त्यांनीं गाळलेली नाहीं, हाच या म्हणण्याचा पुरावा आहे.

रॉय इंग्लंड १९९५ सालीं निवर्तले. खोरें पुरें झालेलें पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. परंतु काम थांबलें नाहीं. त्यांनीं हा सारा पसारा आपल्या मालकीचा म्हणून कवटाळून न ठेवतां संस्थेच्या स्वाधीन केला होता. शिवाय आपली रीत इतरांस शिकवून ठेविली होती. त्यामुळें त्यांच्यामागें नवीं माणसें त्याच प्रमाणानें, त्याच चिकाटीनें घरें करीत राहिलीं. संग्रह आणि संस्था यांतील अंतर तें हेंच. संग्रहाला मालक लागतो, संस्थेला शिष्य लागतात.

परत येतांना गाडींत आमच्या मनांत साहजिकच आपल्या मुलुखाचे विचार घोळूं लागले. छंदाच्या बाबतींत आपण अगदींच मागें आहों असें नाहीं. पुण्यास कोथरुडांत भाऊसाहेब जोशी यांनीं आयुष्यभराच्या हौसेनें लहान आगगाड्यांचें एक संपूर्ण नगर उभारलें आणि १९९८ सालीं त्याचें संग्रहालय सर्वांस खुलें केलें. सिग्नल, दिवे, सर्कस, झुलते पूल यांनीं गजबजलेलें तें नगर पाहावयास मुलें आईबापांस ओढीत नेतात. ज्यांनीं तें पाहिलें नसेल त्यांनीं पुढच्या सुटींत अवश्य पाहावें. परंतु पेंडनच्या जातीचें काम, म्हणजे आपल्याच एका गांवाचें घरन् घर मोजून उभें करण्याचें काम, आपल्याकडे कोणीं हातीं घेतलें तर केवढी सामग्री पडली आहे!

बोरघाटाचेंच उदाहरण घ्या. १८६३ सालीं तो लोहमार्ग खुला झाला तेव्हां खंडाळ्याखालीं गाडी एका टोंकाशीं जाऊन थांबे, इंजिन दुसऱ्या बाजूस लागे, आणि गाडी उलट दिशेनें पुढचा चढ चढूं लागे. १९२९ सालीं नवा मार्ग झाला आणि तें ठिकाण ओसाड पडलें. पुढच्याच वर्षीं, १ जून १९३० रोजीं, डेक्कन क्वीन सुरू झाली. तिच्यांतून प्रवास करणाऱ्या किती जणांस ती जुनी उलटफेर ठाऊक असेल? त्याच घाटांतला १८३० सालचा दगडी पूल, ज्याला लोक अमृतांजन पूल म्हणत, २०२० सालीं पाडण्यांत आला. द्रुतगति मार्गावरील रहदारीस तो अडचणीचा झाला होता. त्याच्या कमानींची रुंदी किती, दगडांचे थर किती, चुन्याचा रंग कसा, हें फुटपट्टी लावून कोणा मुलानें कधीं टिपून घेतलें असेल काय? आणि आपले वाडे! दिंडीदरवाजा, चौक, ओटी, माजघर, देवघर, परसांतला आड, हे शब्द अजून आपल्या कानांवर आहेत. पण ज्या वस्तूंचे हे शब्द, त्या वस्तु एकामागून एक नाहींशा होत आहेत. जागेची अडचण, वांटण्या, दुरुस्तीचा खर्च, हीं कारणें खरींच आहेत. वाडा पाडणारास दोष देऊन उपयोग नाहीं. दोष द्यावयाचाच तर तो पाडण्यापूर्वीं माप न घेणारास द्यावा.

तेव्हां आमची वाचकांस एक सूचना आहे. ती खर्चाची नाहीं आणि अवघडही नाहीं. येत्या सुटींत आजोळीं जाल तेव्हां मुलांबरोबर एक मोजपट्टी, एक वही आणि दोन पेन्सिली द्या. घराची ओसरी किती लांब, जोत्याच्या पायऱ्या किती, कोनाडा जमिनीपासून किती उंच, तुळशीवृंदावनाची एक बाजू किती, हें त्यांना मोजूं द्या. कोणती वस्तु कशासाठीं, हें आजीनें सांगावें आणि मुलांनीं लिहावें. मग घरीं परतल्यावर जाड पुठ्ठा घेऊन फुटास चार मिलिमीटर या प्रमाणानें भिंती कापावयास बसावें. चार फूट उंचीचें वृंदावन सोळा मिलिमीटरचें होईल, वीस फुटांचा चौक अवघ्या आठ सेंटिमीटरांत मावेल. पहिलें घर वेडेंवांकडें होईल, दुसरें बरें होईल. आगगाडी हवीच असेल तर ती मागाहून आणतां येईल. रॉय इंग्लंड यांच्याप्रमाणें तिला जावयास एखादा गांव आधीं तयार असला, म्हणजे तिच्या धांवण्यास अर्थ येतो.

अफिंग्टनच्या टेकडीवरचा घोडा कोणी एका दिवसांत राखला नाहीं. त्या त्या पिढींतील माणसांनीं आपल्या वांट्याचें गवत खरवडलें, एवढेंच. आपल्या वांट्याचें गवत कोठें वाढत आहे, तें ज्याचें त्यानें पाहावें. आमच्यापुरतें म्हणावयाचें तर आम्हीं परत आल्यावर आमच्या मूळ गांवच्या घराचें माप घेण्यास आरंभ केला आहे; पडवी झाली, माजघर निम्में झालें, आणि माडीचा जिना मोजावयाचा राहिला आहे.